भोवरे विरतात, पीळ उरतो

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या सीमेवरून वैनगंगा वाहते. चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते आणि पुढे दोघींची मिळून प्राणहिता होते. पावसाळ्यात अशा संगमाचे पाणी काठावरून, पण दूर उभे राहून, नीट पाहा. मोठा भोवरा फुटून लहान भोवरे होतात, लहानांचे आणखी लहान. शेवटी चिमुकल्या भोवऱ्यांची गती पाण्याच्या अंतर्गत घर्षणात जिरते व तिची उष्णता बनते. अशा खळबळत्या वाहण्याला संक्षुब्ध प्रवाह म्हणतात. ऊर्जा अक्षय्य आहे हे खरे. पण भोवऱ्यांच्या रूपात ती टिकत नाही.

आता समजा, वाहणारा पदार्थ विजेचा वाहक आहे आणि त्यात चुंबकीय क्षेत्रही आहे. मग काय होईल? असा पदार्थ म्हणजे प्लाझ्मा. वायू अतिशय तापला की त्याच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि ही द्रव्याची चौथी अवस्था तयार होते. सूर्य प्लाझ्माचाच बनलेला आहे. स्वीडनचे हानेस आल्फव्हेन यांनी १९४० च्या दशकात दाखवले की, उत्तम वाहक प्लाझ्मात चुंबकीय बलरेषा जणू गोठून बसतात. प्लाझ्मा जिकडे जाईल तिकडे रेषाही ओढल्या जातात. सूर्याच्या विषुववृत्ताजवळचा भाग सुमारे २५ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. ध्रुवांकडच्या भागाला सुमारे ३५ दिवस लागतात. त्यातच सूर्याच्या आतील खळबळीची भर पडते. मग बलरेषांना पीळ बसणारच!

पीळ म्हणजे काय, ते करूनच पाहा. हातभर सुतळी घ्या. एक टोक मित्राला घट्ट धरायला सांगा आणि दुसरे टोक एकाच दिशेने तीस वेळा पिळा. आता टोके न सोडता सुतळी हवी तेवढी हलवा. हलणे थोड्या वेळात थांबेल, पीळ मात्र जाणार नाही. टोके जवळ आणा. सुतळीला वेटोळी पडतील. टोके पुन्हा ताणा. वेटोळी नाहीशी होऊन पीळ परत दिसेल. म्हणजे पिळाचे रूप बदलले, हिशेब बदलला नाही.

प्लाझ्मातही असेच घडते. आदर्श वाहक प्लाझ्मात बलरेषांचा एकूण पीळ अक्षय्य असतो, हे वोल्टियर यांनी १९५८ मध्ये सिद्ध केले. प्रत्यक्षातील प्लाझ्मा आदर्श नसतो. त्यात रेषा तुटतात आणि नव्या तऱ्हेने जोडल्या जातात. तरीही १९७४ मध्ये ब्रिटनचे जे. बी. टेलर यांनी असे मांडले की, संक्षोभात चुंबकीय ऊर्जा झपाट्याने कमी होते, एकूण पीळ मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. याचे कारण मोठे गमतीचे आहे. ऊर्जा मोठ्याकडून लहानाकडे जाते आणि तेथे जिरते. पीळ मात्र उलट्या वाटेने, लहानाकडून मोठ्याकडे जातो. म्हणून त्याला जिरायला जागाच मिळत नाही!

मग सूर्यावर साठत जाणाऱ्या पिळाचे काय होते? तो बाहेर टाकण्याचा एक मार्ग म्हणजे पिळलेल्या चुंबकीय क्षेत्रासह प्लाझ्माचे प्रचंड ढग अवकाशात फेकणे, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. असाच एक ढग सप्टेंबर १८५९ मध्ये पृथ्वीवर आदळला. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत तेव्हा पृथ्वीचे आडवे चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लाने, म्हणजे सुमारे चार टक्क्यांनी, घटल्याची नोंद झाली. त्याच नोंदी तपासून भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये त्या वादळाची तीव्रता ठरवली. मार्च १९८९ च्या अशाच एका वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांत सुमारे नऊ तास अंधारात बुडाला होता.

ढगातील चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले असेल, तर वादळ जोराचे होते. ते कोणत्या क्रमाने कोठे वळेल, हे पिळाच्या दिशेवरही अवलंबून असते. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले भारताचे आदित्य-एल १ हे यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरून सूर्याचे निरीक्षण करते आणि तेथील चुंबकीय क्षेत्रही मोजते.

जाता जाता एक काम. सुतळी पुन्हा पिळा, पण आता दुसरे टोक उलट्या दिशेने तितक्याच वेळा पिळायचे की सुलट्या? कोणत्या वेळी पीळ वाढेल आणि कोणत्या वेळी शून्य होईल? दोन्ही टोकांकडे समोरून पाहून दिशा ठरवा, करून पाहा आणि वर्गात सांगा.