बाणाचे पीस

मज्झिम निकायातील चूळमालुंक्य सुत्तात विषारी बाण लागलेल्या मनुष्याचा दृष्टान्त आहे. वैद्याला बाण काढू न देता तो विचारत बसतो : बाण मारणारा कोण, धनुष्य कोणते, बाणाला पिसे गिधाडाची की मोराची? उत्तरे मिळण्यापूर्वीच त्याला मरण येईल, असे भगवान बुद्ध सांगतात. या दृष्टान्ताचा धम्मार्थ आपणा सर्वांस परिचित आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. बाणाला निरनिराळ्या पक्ष्यांची पिसे लावीत, हे त्या काळच्या श्रोत्यांना ठाऊक होते. जखमी माणसाने विचारू नये असा हा प्रश्न बाण घडवणाऱ्या कारागिराला, म्हणजे पालीतील ‘उसुकारा’ला, मात्र टाळता येत नव्हता. त्याचे कारण समजून घेऊ.

प्रत्यंचा सुटताच मागून बसलेल्या धक्क्याने बाणाची काठी वाकते व हेलकावत पुढे जाते. फाळामुळे बाणाचा गुरुत्वमध्य पुढच्या बाजूस असतो, तर पिसांमुळे हवेचा दाब शेपटीकडे एकवटतो. बाण तिरपा झाला की हवा पिसांवर एका बाजूने दाब देते आणि शेपटीला पुन्हा मार्गावर आणते. दिशा धनुर्धर देतो. ती टिकवण्याचे काम पिसे करतात.

पिसे सामान्यतः तीन असतात व परस्परांपासून १२० अंशांवर चिकटवतात. एका बाणावरील सर्व पिसे पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखातील हवीत. डाव्या व उजव्या पंखांतील पिसांची वळणे परस्परविरुद्ध असल्याने ती एकत्र आल्यास एकमेकांचे कार्य बिघडवतात. एकाच वळणाची पिसे किंचित तिरकी लावली, तर बाण स्वतःभोवती फिरतो आणि काठीतील बारीक दोषांचा परिणाम एकाच दिशेला साचत नाही.

आकार ठरवताना तारतम्य लागते. मोठे पीस बाणाला लवकर सावरते, परंतु त्याचा वेग घटवते आणि आडव्या वाऱ्यात त्याला अधिक ढळवते. म्हणून सभागृहातील १८ मीटरच्या स्पर्धेत मोठी पिसे चालतात. ऑलिम्पिकच्या ७० मीटर अंतरावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १२.२ सेंटिमीटर व्यासाचे असते. तेथे प्लास्टिकचे लहान, हलके पंख वापरतात. खरे पीस पावसात भिजून बसते, प्लास्टिक तसे बसत नाही. उलट धनुष्याला घासताना पीस दबून निघून जाते, तर ताठ प्लास्टिक बाणाला बाजूला फेकते.

१५४५ साली केंब्रिजचे अध्यापक रॉजर अ‍ॅस्कम यांनी ‘टॉक्सोफिलस’ या ग्रंथात पिसांची सविस्तर चर्चा करून हंसिणीसारख्या पाळीव ‘गूज’ पक्ष्याच्या पिसाला पसंती दिली. त्याच वर्षी इंग्लंडचे ‘मेरी रोझ’ हे युद्धनौका-जहाज बुडाले. १९८२ मध्ये त्याचा सांगाडा वर काढण्यात आला. त्या अवशेषांत हजारो बाण मिळाले. पिसे बहुतांशी नष्ट झाली होती, तरी ती बांधल्याच्या व चिकटवल्याच्या खुणा काठ्यांवर उरल्या होत्या. राजाचे नाव इतिहासाने जपले. या कारागिरांची ओळख त्या खुणांतच शोधावी लागते.

पालकांनी मुलांसह एक प्रयोग करावा. दोन सारख्या काड्यांच्या टोकांना थोडी ओली माती लावावी, एकीच्या शेपटीला कागदाचे तीन पंख चिकटवावेत आणि दोन्ही मोकळ्या जागी फेकून पाहाव्यात. कोणती काडी सरळ जाते व का, याचे उत्तर मुलांनाच शोधू द्यावे. प्रश्न विचारणे हा दोष नव्हे. कोणता प्रश्न केव्हा विचारावा, हे त्या दृष्टान्ताने शिकवले आहे.