साक्षीदार पाखरू : बॅलड आणि आजचे ‘डार्क फोक’

‘बॅलड’ या संज्ञेला आपल्याकडे ‘पोवाडा’ हा प्रतिशब्द सर्रास वापरला जातो. अॅक्वर्थ यांनी १८९४ मध्ये पोवाड्यांच्या इंग्रजी अनुवादास ‘बॅलड्स ऑफ द मराठाज’ असे नाव दिले, त्यानेही या समजुतीस हातभार लागला असावा. परंतु शाहीर आपल्या नायकाचा पक्ष उघडपणे घेतो. ब्रिटिश बॅलडचा निवेदक खून, विश्वासघात, बालहत्या अशा घटना सांगतो खरा, पण हळहळत नाही आणि निवाडाही देत नाही. ही अलिप्तता हाच त्या प्रकाराचा गाभा होय. ‘डार्क फोक’ या काहीशा सैल नावाने ओळखले जाणारे आजचे गंभीर, काळोख्या सुरांचे संगीत या बॅलडांकडे वळते, तेव्हा या अलिप्ततेचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांच्या ३०५ बॅलडांच्या संग्रहात (१८८२–९८) ‘यंग हंटिंग’ ही ६८ व्या क्रमांकाची रचना आहे. दुसरीवर प्रेम करणाऱ्या प्रियकराला नायिका ठार करते व प्रेत पाण्यात लपवते. एका पाखराने हे पाहिलेले असते. सोन्याच्या पिंजऱ्याचे आमिष दाखवूनही ते तिच्या हाती लागत नाही. काही पाठांत पुढे प्रेत सापडते. नायिका दासीवर आळ घेते. पण अग्नी दासीला जाळत नाही, नायिकेला जाळतो. निवेदक न्याय करीत नाही, तो पाखरू आणि अग्नी यांच्याकडून होतो. ही रचना अमेरिकेत गेली तेव्हा अग्निदिव्य गळाले. डिक जस्टिस या गायकाच्या १९२९ च्या ध्वनिमुद्रणात ‘हेन्री ली’ या नावाने ती भेटते. तेथेही पाखरू बोलते: जिने प्रियकराला मारले ती मलाही मारील, म्हणून मी खाली येणार नाही. दिव्य गेले, साक्ष उरली.

निक केव्ह यांच्या ‘मर्डर बॅलड्स’ (१९९६) या संग्रहात पी. जे. हार्वी यांच्यासह गायिलेले ‘हेन्री ली’ आहे. येथे पाखरू केवळ येऊन बसते, बोलत नाही. साक्षीदाराची प्रतिमा झाली. वारा मात्र आक्रंदतो, म्हणजे निवेदकाने आवरून धरलेला शोक निसर्गाकडे सोपवला गेला. गीत सुंदर आहे, यात शंका नाही. पण गुन्हा पाहणारे कोणी उरले नाही, आणि श्रोत्याला भीतीऐवजी एक हवेहवेसे उदासपण मिळते. माझ्या मते हा तोटाच आहे.

डब्लिनच्या ‘लँकम’ या गटाचा मार्ग निराळा दिसतो. बाळाचा खून करणाऱ्या लँकमच्या बॅलडवरून (चाइल्ड ९३) त्यांनी नाव घेतले. ‘फॉल्स लँकम’ (२०२३) या संग्रहाच्या आरंभीच्या ‘गो डिग माय ग्रेव्ह’ मध्ये रॅडी पीट यांचा स्वर प्रथम एकटाच येतो, कोरडा, कसलीही आळवणी न करणारा. मुलीच्या आत्महत्येची हकिगत त्याच स्वरात सांगितली जाते. मागाहून अखंड आधारस्वर दाटत जातो. आपल्या कानांना तंबोऱ्याचा आधारस्वर स्थैर्य देणारा म्हणून परिचित आहे; येथे तोच छाती दडपून टाकतो. गायिका मात्र त्याच्या भरीस पडत नाही. शोक वाद्यांत आहे, निवेदनात नाही.