पुरातली बोट आणि सुरगाठ

छोट्या बोटीवरचा दोर किती घट्ट बांधला आहे, हे मी शेवटी पाहतो. पुरता ताण असताना, ओल्या हाताने, अंधारात, एका माणसाला तो सोडता येईल का, हे आधी पाहतो. शिडाची बोट चालवणाऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही. पण महाड-पोलादपूरकडे हे सांगायला गेले की पहिला प्रश्न येतो, आमच्याकडे शिडे कुठे राहिलीत? प्रश्न रास्त आहे. एके काळी बाणकोटच्या खाडीतून भरतीचे पाणी धरून गलबते दासगाव-महाडपर्यंत येत. 25 डिसेंबर 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे सत्याग्रही महाडच्या परिषदेसाठी दासगावलाच बोटीतून उतरले होते. पुढे रस्ता झाला, खाडी गाळाने भरत गेली आणि ती वाहतूक संपली. बोटी मात्र परत आल्या आहेत, त्याही भर पावसात आणि भर बाजारपेठेत. फरक इतकाच की आता त्या रबराच्या किंवा फायबरच्या असतात आणि त्यांच्यावरचे दोर बहुतेक वेळा असे लोक बांधतात, ज्यांचा दोराशी संबंध ट्रकवर माल आवळण्यापुरता आलेला असतो. ट्रकवरचा दोर सुटू नये हेच बरोबर. पाण्यात तीच सवय जिवावर बेतते.

शिडाच्या बोटीतला नियम आधी समजून घेऊ, कारण तो अनुभवातून घासून निघालेला आहे. शिडाच्या खालच्या मोकळ्या कोपऱ्याला जो दोर असतो, त्याने शीड वाऱ्यात किती ओढून धरायचे हे ठरते. लहान बोटीत हा दोर चालवणाऱ्याच्या हातात राहतो, फार तर दात्यांच्या पकडीत अडकवतात, तीही अशी की दोर वर झटकला की मोकळा व्हावा. गाठ मारून तो कधीच बांधत नाहीत. अचानक वाऱ्याचा झोत आला आणि दोर सैल सोडला, तर शीड फडफडते, वारा निसटून जातो, बोट उभी राहते. दोर बांधलेला असेल तर तोच झोत बोट कलंडवतो, आणि एकदा कड पाण्याखाली गेली की मग गाठ सोडायला कुणी मोकळा नसतो. शर्यतीच्या बोटींवर पुढच्या फुगीर शिडाच्या दोरांना तर शेवटी अडकगाठही ठेवत नाहीत. वेळ आली तर दोर सबंध निसटून गेला तरी चालेल, पण कप्पीत अडकता कामा नये.

हा नियम वाऱ्यासाठी झाला, पाण्याला तो कशाला, असे कुणी म्हणेल. उलट पाण्यालाच तो जास्त लागतो. पाणी हवेपेक्षा आठशेपटीहून अधिक दाट असते आणि दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला एक मीटर, म्हणजे माणूस सावकाश चालेल इतक्याच वेगाने वाहणारे पाणी ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्याएवढा दाब देते. एक चौरस मीटरचा सपाट पृष्ठभाग आडवा धरला तर त्यावर पन्नासपंचावन्न किलोचा भार येतो. वेग दुप्पट झाला की भार दोनशे किलोच्या पुढे जातो. आता सावित्रीकडे पाहा. ती महाबळेश्वरला उगम पावते, थोड्या अंतरात घाट उतरते, पोलादपूरवरून महाडला येते. गांधारी आणि काळ या नद्या त्याच परिसरात तिला मिळतात आणि खालून खाडीची भरती पाणी तुंबवते. 22 ते 23 जुलै 2021 या चोवीस तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस झाला. त्या पुरात महाडची बाजारपेठ बुडाली, तालुक्यात तळीये गावावर आणि पोलादपूरकडे केवनाळे व साखर सुतारवाडीवर दरडी कोसळल्या, आणि रस्ते बंद असल्यामुळे बाहेरची मदत पोचायला उशीर झाला. असे पुन्हा झाले तर सुरुवातीचे तास गावातल्याच माणसांचे आणि गावातल्याच दोरांचे असणार.

अशा वेळी सर्वांत सहज होणारी चूक म्हणजे बोट इमारतीला आखूड दोराने आवळून बांधणे. माणसे गॅलरीतून उतरवायची म्हणून बोट भिंतीशी घट्ट हवी असते, ते समजते. पण पाणी चढत असते. बोट वर उठू पाहते, दोर तिचे नाक खाली धरून ठेवतो, प्रवाह नाकावर चढतो आणि बोट पुढून भरते. बोट आडवी बांधली असेल तर त्याहून लवकर. दुसरी चूक गल्लीच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत प्रवाहाला काटकोनात दोर ताणण्याची. वीस मीटरच्या दोराला मध्यभागी फक्त एक मीटर झोल येत असेल, तर मध्यावर पडलेल्या भाराच्या सुमारे पाचपट ताण दोराच्या प्रत्येक टोकाला येतो. मध्ये दोनशे किलोची ओढ असेल तर खांबाच्या गाठीवर एक टन. गाठीमुळे दोराची ताकद एरवीच बरीच कमी झालेली असते. शिवाय असा दोर धरून चालणारा माणूस मधोमध जाऊन अडकतो, कारण झोलाचा खड्डा तिथेच असतो. दोर लावायचाच तर प्रवाहाला तिरका, साधारण 45 अंशांत लावावा, म्हणजे पाणीच बोटीला खालच्या काठाकडे सरकवते.

माणसाच्या कमरेला दोर बांधून त्याला पाण्यात सोडण्याबद्दल मला जास्त कडकपणे बोलावेसे वाटते, कारण ते काळजीपोटी केले जाते. वाहत्या पाण्यात दोर ताणला गेला की पाणी त्या माणसाला वर ठेवत नाही, खाली दाबते. वरचे लोक जितक्या जोराने ओढतात, तितका तो अधिक बुडतो. प्रशिक्षित पथकांचे लोकही दोर लावतात, पण त्यांच्या जॅकेटवरचा पट्टा स्वतः एका हाताने झटकून सोडता येईल असा असतो. तो पट्टा नसेल तर बांधू नका, दोर फेका. फेकणाऱ्यानेही मनगटाला वेढा घेऊ नये.

यावर खरा आक्षेप असा की जी गाठ चटकन सुटते ती चुकूनही सुटेल, आणि मग बोट माणसांसकट वाहून जाईल. आक्षेप फेटाळण्यासारखा नाही. सुरगाठ राखणीशिवाय ठेवायची नसतेच, तिच्या शेंड्याशी एक माणूस बसवायचा आणि त्याला दुसरे काम द्यायचे नाही. माणसे कमी असतात म्हणून हे जमत नाही, असे ऐकू येते. पण चौघांच्या बोटीत तिघे ओढायला आणि एक दोराशी, ही विभागणी चैन नाही. एका माणसाच्या हातात एवढी ताकद कुठली, हा पुढचा प्रश्न. ताकद लागतच नाही, वेढे लागतात. खांबाभोवती दोन पूर्ण वेढे घेतले की हातातल्या दहा किलोच्या ताणाने साधारण दोनशे किलोचा भार थोपवता येतो, आणि हात सैल केला की दोर बेताने सरकतो. सिमेंटचा कोपरा दोर कापतो, तेव्हा मध्ये गोणपाट घालावे. खिडकीच्या ग्रिलवर भरवसा ठेवू नये. गॅलरीशी थांबताना तर दोर खांबामागून फिरवून दोन्ही शेंडे बोटीतच ठेवावेत. एक सोडला की बोट मोकळी होते, वर कुणी गाठ सोडायला उरत नाही. सोडायच्या शेंड्याला गाठ मात्र नको, ती खांबामागे अडकते. शेतकऱ्याला हे पटवावे लागत नाही. बैल दाव्याला बांधताना ओढ बसली तरी शेंडा हिसकला की सुटेल अशीच गाठ तो मारतो.

दोराच्या जातीवर थोडेच सांगतो. सुती दोर भिजला की फुगतो आणि त्यातली निरगाठ दगड होते. नायलॉन मजबूत, पण ताणतो आणि तुटला तर चाबकासारखा परततो, म्हणून ताणलेल्या दोराच्या रेषेत उभे राहू नये. पाण्यावर तरंगतो तो पॉलिप्रॉपिलीनचा दोर, फेकायला तोच चांगला, मात्र वर्षभर उन्हात पडलेला असेल तर त्याच्यावर विसंबू नये. कपडे वाळत घालायची प्लास्टिकची दोरी बोटीत ठेवूच नये.

पुरात एवढा विचार करायला वेळ कुणाला असतो, हा शेवटचा आक्षेप अगदी खरा आहे, आणि म्हणूनच हे काम मे महिन्याचे आहे. तुमच्या मंडळाकडे, ग्रामपंचायतीकडे किंवा सोसायटीकडे बोट असेल, तर पावसाआधी एकदा तिचे सगळे दोर पाण्यात भिजवा, बोट बांधा, चार माणसांनी विरुद्ध बाजूने ओढा आणि पाचव्याला डोळे मिटून एका हाताने दोर सोडायला सांगा. जो सुटत नाही तो दोर किंवा ती गाठ बदला. आणि प्रत्येक बोटीत बोथट टोकाचा, धारदार पात्याचा एक चाकू हाताशी अडकवून ठेवा.