हृदयरुग्णाचे पुनर्वसन : रुग्णालयापासून बांधापर्यंत

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगाव परिसरात एखाद्या शेतकऱ्यास हृदयविकाराचा झटका आल्यास त्याच्या उपचाराची सोय आज बऱ्याच अंशी झालेली आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावत आहे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी आरोग्य योजना पुढे राज्यभर लागू झाली आणि २०१७ पासून ती महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाते. अँजिओप्लास्टी व बायपास या दोन्हींचा तीत समावेश आहे.

रुग्ण घरी परततो आणि उपचार संपले, असे समजले जाते. घरची माणसे भीतीपोटी त्याला महिनोन् महिने बाजेवरून उठू देत नाहीत. किंवा पेरणी तोंडावर आली म्हणून तो पंधरा दिवसांतच खताचे पोते उचलतो. दोन्ही गोष्टी अपायकारकच. बायपासनंतर छातीचे हाड सांधण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. त्याहून घातक म्हणजे बरे वाटते म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या परस्पर बंद करणे. त्यामुळे बसविलेल्या स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो.

पुनर्वसन हा शब्द मराठवाड्यात उच्चारला की जायकवाडीच्या जलाशयात गेलेली गावे आठवतात. वैद्यकशास्त्रात त्याचा अर्थ वेगळा आहे. देखरेखीखाली क्रमाक्रमाने वाढविलेला व्यायाम, औषधांचे सातत्य, आहार, तंबाखू सोडणे आणि मनातील धास्ती घालविणे, या सर्वांचा तो एकत्रित कार्यक्रम होय. २०२१ मध्ये ८५ चाचण्यांतील सुमारे २३ हजार रुग्णांच्या माहितीचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात व्यायामप्रधान पुनर्वसनामुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे एक-चतुर्थांशाने घटल्याचे दिसले. इतका गुण एखाद्या गोळीचा असता, तर ती प्रत्येक चिठ्ठीवर दिसली असती.

तरीही २०१९ च्या जागतिक पाहणीनुसार २०३ पैकी केवळ १११ देशांत ही सेवा होती. गरीब देशांत केंद्रे थोडी आणि खर्च बहुधा रुग्णाच्याच खिशातून. श्रीमंत देशांतही सोय असून अनेक रुग्ण फिरकत नाहीत. अमेरिकेत पात्र वृद्धांपैकी सुमारे एक-चतुर्थांशच सहभागी होतात. म्हणजे केवळ पैशाने हा प्रश्न सुटत नाही. अंतर, बुडणारी मजुरी आणि डॉक्टरांनी आग्रहाने न सांगणे ही कारणेही तितकीच खरी आहेत.

भारतात २४ रुग्णालयांतील ३,९५९ रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांत तेरा सत्रे आणि पुढे घरी सराव, असे तिचे स्वरूप होते. मृत्यू वा पुन्हा येणारे झटके यांत निर्णायक फरक आढळला नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मात्र रुग्णांना स्वतःचे आरोग्य अधिक चांगले वाटले आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले. हातावर पोट असणाऱ्यास दुसरी गोष्ट लहान नाही.

यासाठी यंत्रसामग्री लागत नाही. डॉक्टरांच्या अनुमतीने सकाळी सपाट रस्त्यावर थोडे चालणे आणि दर आठवड्याला अंतर वाढविणे, ही सुरुवात होय. चालता चालता सोबत्याशी बोलता येईल, एवढाच वेग ठेवावा. छातीत दुखू लागल्यास, दम लागल्यास वा भोवळ आल्यास थांबावे. दुखणे न थांबल्यास १०८ वर कळवावे. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी व आशा यांना गावातील अशा रुग्णांची यादी ठेवता येईल, रक्तदाब पाहता येईल आणि गोळ्या संपण्यापूर्वी विचारणा करता येईल.

या यादीत स्त्रियांची नावे मुद्दाम शोधावी लागतील. पुनर्वसनातील त्यांचा सहभाग जगभरच पुरुषांपेक्षा कमी आहे. रुग्णालयातून आलेली स्त्री दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसते, पाण्याची घागरही उचलते, आणि घरात कोणी तिला रुग्ण म्हणत नाही.