रहूचा दाणा व तंतुकणिकांची घडण

पनवेल व उरण तालुक्यांतील खारजमिनीत भाताची रहू पेरण्याची रीत जुनी आहे. कणगीतील भात एक दिवस व एक रात्र पाण्यात भिजत घालावयाचे, मग पाणी निथळून ते गोणपाटात बांधावयाचे, वर पेंढा घालून दडपून ठेवावयाचे, आणि एक-दोन दिवसांनी मोड डोकावू लागले म्हणजे चिखलणी केलेल्या खाचरात फोकून द्यावयाचे. त्याच घरांतील गृहिणी बिरड्यासाठी वाल रात्रभर भिजवितात आणि सकाळी फडक्यात बांधून ठेवतात. या दोन्ही कृतींत एक गोष्ट समान आहे. बी भिजले की पाणी काढून टाकले जाते. वाल तसाच पाण्यात राहू दिला तर त्याला मोड येत नाही. पाण्यावर फेस धरतो आणि आंबूस वास सुटतो.

असे का होते, असे वर्गात विचारले तर मुले ‘वाल कुजतो’ असे उत्तर देतात. हे उत्तर नव्हे. घडलेल्या गोष्टीला दिलेले ते दुसरे नाव आहे. पाणी तर बियाला हवेच असते, मग अधिक पाण्याने त्याचे नुकसान का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर बियाच्या पेशीत, तंतुकणिका नावाच्या अतिसूक्ष्म घटकांच्या घडणीत आहे.

पाठ्यपुस्तकात पेशीच्या आकृतीत तंतुकणिका एखाद्या शेंगेसारखी काढलेली असते व खाली ‘पेशीचे ऊर्जाकेंद्र’ असे लिहिलेले असते. मुले ते पाठ करतात. त्यामुळे दोन चुकीच्या समजुती मनात घर करतात. पहिली अशी की, तंतुकणिका ही पेशीत कायमची बसविलेली, सदैव सारखीच असणारी वस्तू आहे. दुसरी अशी की, श्वसन हे प्राण्यांचे काम, आणि वनस्पती केले तर रात्रीच श्वसन करतात. गोणपाटात बांधलेल्या रहूमध्ये हात घातला तर तो कोमट लागतो. तेथे हिरवे पान नाही, ऊन नाही, तरी ऊब आहे. श्वसनातून बाहेर पडणारी ती उष्णता होय. ही एक गोष्ट मुलांनी स्वतःच्या हाताने अनुभवली तर दुसरी समजूत बहुधा तेथेच गळून पडते. पहिली मात्र समजावून सांगावी लागते, आणि ते समजावण्याआधी ती शिक्षकाच्या मनातून जावी लागते.

तंतुकणिका हे नाव मूळ नावाचे नेमके भाषांतर आहे. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल बेंडा यांनी १८९८ साली ग्रीक भाषेतील ‘तंतू’ व ‘कण’ या अर्थांचे दोन शब्द जोडून ‘मायटोकॉन्ड्रिया’ हा शब्द बनविला. वनस्पतींच्या पेशींत त्या प्रथम ओळखल्या त्या फ्रीड्रिख मेव्हेस यांनी, १९०४ साली, पांढऱ्या कमळाच्या परागकोशात. परागकोशाचा हा उल्लेख लक्षात ठेवावा. पुढे त्याचे कारण पडणार आहे.

तंतुकणिकेला दोन पापुद्रे असतात. आतील पापुद्र्याला पुष्कळ घड्या पडलेल्या असतात आणि त्या घड्यांवर श्वसनसाखळीचे घटक रांगेने बसलेले असतात. शर्करेच्या एका रेणूपासून, प्राणवायूवाचून, पेशीला ए.टी.पी. या ऊर्जावाहक द्रव्याचे केवळ २ रेणू लाभतात. तंतुकणिकेत प्राणवायूच्या साहाय्याने ते काम पुरे झाले तर सुमारे ३० लाभतात. (जुन्या पुस्तकांत ३६ किंवा ३८ हा आकडा आढळतो. अलीकडच्या मापनांनी तो खाली आणला आहे.) पाण्यात बुडालेल्या वालाची अडचण या दोन आकड्यांच्या अंतरात आहे. पाण्यात विरघळलेला थोडासा प्राणवायू बी लवकरच वापरून टाकते, आणि त्यानंतर त्याला दोनाच्या मिळकतीवर तिसांचा संसार चालवावा लागतो.

आता कणगीतील कोरड्या दाण्याकडे वळू. साठवणुकीच्या भातात सुमारे १२ ते १४ टक्के ओलावा असतो. एवढ्या कोरड्या अवस्थेत पूर्ण घडलेल्या तंतुकणिका जपून ठेवणे पेशीला परवडत नाही. भाताच्या कोरड्या अंकुरात ज्या असतात त्या अर्धवट तंतुकणिका होत. त्यांत घड्या थोड्या असतात आणि श्वसनसाखळीचे पुष्कळ घटक जवळजवळ नसतातच. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील संशोधकांनी २००६ साली भाताच्या अंकुराची तासातासाने तपासणी करून एक मोठी उद्बोधक गोष्ट दाखविली. या अर्धवट तंतुकणिकांत इतर सामग्री तुटपुंजी असली तरी बाहेरून प्रथिने आत घेण्याची दारे मात्र भरपूर असतात. जणू घर बंद करून परगावी जाताना सामानसुमान आवरले, पण किल्ली शेजारी ठेवून दिली. पाणी लागताच या दारांनी नवी प्रथिने आत येऊ लागतात आणि दोन दिवसांत क्रमाक्रमाने घड्या वाढतात, साखळी पुरी होते. नव्या तंतुकणिका कधीही शून्यातून निर्माण होत नाहीत. असलेली तंतुकणिका वाढते व दुभंगते, म्हणून दाण्याने निदान ही अर्धवट बीजे तरी जपलीच पाहिजेत.

दारे कशासाठी लागतात, हे थोडे सविस्तर सांगणे अवश्य आहे, कारण नियमनाचे मर्म येथे आहे. तंतुकणिकेजवळ स्वतःचा डी.एन.ए. असतो. भाताच्या तंतुकणिकेतील हा डी.एन.ए. जपानी शास्त्रज्ञांनी २००२ साली वाचला. त्यात सुमारे ४ लाख ९० हजार अक्षरे भरली. माणसाच्या तंतुकणिकेत ती केवळ १६,५६९ आहेत. एवढा मोठा ग्रंथ असूनही भाताच्या तंतुकणिकेतील जनुकांपासून काही डझन प्रथिनेच बनतात. तंतुकणिकेला लागणारी बाकीची हजारावर प्रथिने केंद्रकातील जनुकांच्या सूचनेने बाहेर पेशीद्रव्यात तयार होतात, आणि त्यांतील बहुतेकांच्या टोकाला, पाकिटावर पत्ता लिहावा तसा, एक लहानसा तुकडा जोडलेला असतो. दारावरील ग्राहक घटक तो पत्ता ओळखतात, प्रथिन आत ओढले जाते आणि आत गेल्यावर पत्त्याचा तुकडा कापून टाकला जातो.

हे कापण्याचे काम करणारे विकर वनस्पतींत एका विलक्षण जागी बसलेले असते. ते श्वसनसाखळीच्याच एका घटकसमूहाचा भाग असते. पर्थ येथील त्याच गटाने २००७ साली भात प्राणवायूविना रुजवून पाहिले. त्या रोपांतील तंतुकणिकांत दारांचे घटक उलट नेहमीपेक्षा अधिक होते, परंतु श्वसनसाखळीचा तो समूह व त्यातील कापणारे विकर दोन्ही रोडावलेले होते. साहजिकच दारे असूनही मुख्य मार्गाने माल आत घेण्याची शक्ती कमी पडली. हवा लागू दिली की तो समूह वाढतो, त्याबरोबर कापणारे विकर वाढते आणि आवक सुरू होते. अशा रीतीने प्राणवायू आहे की नाही, याची दखल तंतुकणिकेच्या बांधणीतच गुंफलेली आहे. जेथे श्वसनाला हवा नाही तेथे श्वसनाची पुरी यंत्रसामग्री उभारण्याचा खर्च पेशी करीत नाही.

लगाम मुख्यतः केंद्रकाच्या हाती आहे. अरेबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील लहान वनस्पतीच्या पेशींना शर्करेवाचून उपाशी ठेवून केलेला एक प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात केंद्रकाकडून येणाऱ्या सूचना घटल्या, पण तंतुकणिकेतील स्वतःच्या जनुकांचे काम पूर्ववत चालू राहिले. तरीही पुरे घटकसमूह कमीच बनले, कारण जोडीचे भाग बाहेरून आले नाहीत. एका चाकावर गाडी कशी उभी राहणार? उलट दिशेनेही निरोप जातो. तंतुकणिकेचे काम अडखळले म्हणजे आंतर्द्रव्यजालिकेच्या पापुद्र्याला जखडून ठेवलेले एक प्रथिन कापून मोकळे होते, केंद्रकात शिरते व मदतीची जनुके जागी करते. हा मार्ग २०१३ साली उलगडला. प्रकाशाचाही प्रभाव असतो. कोंब उजेडात येऊन हिरवा झाला की पानातील तंतुकणिकांत हरितलवकांना साहाय्यक अशी नवी विकरे वाढतात. त्या तपशिलात येथे शिरण्याचे कारण नाही.

पेशीला कोठे किती तंतुकणिका लागतात, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण मात्र फुलात सापडते. परागकोशाच्या आत परागकणांना पोसणारा पेशींचा एक थर असतो. मक्याच्या फुलात पराग तयार होत असताना या थरातील प्रत्येक पेशीत तंतुकणिकांची संख्या सुमारे ४० पटींनी वाढते, असे १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत दिसून आले. एवढी ओढाताण दुसऱ्या भागांत क्वचितच होते. म्हणूनच तंतुकणिकेत एखादे वैगुण्य असले तर पाने, मुळे, कणीस यांत ते दिसत नाही. नेमके परागकोशात उघडे पडते आणि पराग वांझ होतो.

या वैगुण्यावर संकरित बियाण्याचा मोठा व्यवहार उभा आहे. चीनमधील हैनान बेटावर १९७० साली परागवांझ रानभात सापडले. त्याच्या तंतुकणिकेतील एक विचित्र जनुक परागकोशाच्या त्या पोषक थरात नको ते प्रथिन बनविते व थर अकाली मरतो, हे २०१३ साली चिनी शास्त्रज्ञांनी दाखविले. वांझ भातावर दुसऱ्या जातीचा पराग पडला म्हणजे सर्वच दाणे संकरित होतात. आणि त्या दुसऱ्या जातीच्या केंद्रकात वैगुण्य झाकणारी जनुके असतील तर शेतकऱ्याच्या शेतातील पिकाला दाणा भरतो. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राचे १९९८ साली प्रसारित झालेले ‘सह्याद्री’ हे संकरित भात याच तत्त्वावरचे होय. संकरित ज्वारीची पहिली जात, १९६४ ची सी.एस.एच.-१, हीदेखील परागवांझपणाच्या आधारेच तयार झाली. ‘संकरिताचे घरचे बी पुढच्या वर्षी का धरू नये’ असे एखाद्या मुलाच्या वडिलांनी शिक्षकास विचारले, तर पुढच्या पिढीत दोन्ही जातींचे गुण विखुरतात व वांझपणा झाकणारी जनुकेही सर्व रोपांत सारखी उतरत नाहीत, असे उत्तर द्यावे.

सिडकोची स्थापना १९७० साली झाली व ठाणे आणि तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली. त्या शहराच्या कडेच्या गावांतील शाळांत आज अशी पुष्कळ मुले आहेत की ज्यांच्या आजोबांनी रहू फेकली, पण ज्यांनी स्वतः भाताचा मोड पाहिलेला नाही. त्यांच्यासाठी खाचर वर्गात आणावे लागेल. त्याला खर्च नाही.

साळीचे मूठभर बी मिळवावे. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या पनवेल-१, २ किंवा ३ या जातींचे मिळाले तर उत्तमच. नाहीतर जे असेल ते चालेल. मात्र सडलेला तांदूळ घेऊ नये. सडताना अंकुर निघून गेलेला असतो, आणि तांदूळ पेरून का उगवत नाही, हेही मुलांना याच निमित्ताने सांगता येते. दोन काचेचे पेले घ्यावेत. पहिल्यात ओल्या फडक्यावर दहा दाणे भाताचे व पाच वालाचे ठेवावेत. दुसऱ्यात तेवढेच दाणे घालून उकळून थंड केलेले पाणी काठोकाठ भरावे व वर गोडेतेलाचा पातळ थर द्यावा. पाणी उकळल्याने त्यात विरघळलेली हवा निघून जाते आणि तेलामुळे नवी सहजी शिरत नाही. उकळण्याचे काम शिक्षकाने स्वतः करावे.

फडक्यावरील भाताला दोन-तीन दिवसांत मूळ व कोंब फुटतो. बुडालेला वाल नासतो. बुडालेले भात मात्र मुलांना चकित करते. त्याला कोंबाचे पांढरे, लांबट वेष्टन फुटते, पण मूळ जवळजवळ फुटत नाही. भात त्या दोनाच्या मिळकतीवर काटकसरीने एवढेच करू शकते. हवेपर्यंत पोचण्यासाठी ती नळी वर धडपडते. हे पाहिल्यावर ऐरोलीच्या खाडीकाठी चिखलातून वर आलेली तिवराची श्वासमुळे मुलांना दाखविली तर वेगळे स्पष्टीकरण फारसे लागत नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी बुडालेल्या दाण्यांपैकी पाच अलगद काढून ओल्या फडक्यावर ठेवावेत व पाच पाण्यातच राहू द्यावेत. पुढील दोन-तीन दिवस रोज सकाळी एका मुलाने मुळे मोजावीत व फळ्याच्या कोपऱ्यात दोन रकान्यांत आकडे लिहावेत. इयत्ता चौथी-पाचवीत एवढे पुरे आहे. तेथे ‘हवा मिळाली, मूळ फुटले’ या शब्दांपलीकडे जाऊ नये. सातवी-आठवीत तंतुकणिकेचे नाव घ्यावे, दोन व तीस हे आकडे सांगावेत, आणि हवा लागल्यापासून मूळ दिसेपर्यंत जो अवधी गेला त्या अवधीत दाण्याच्या आत काय बांधले जात असेल, असे मुलांनाच विचारावे.