बुरशी आणि आपली फुफ्फुसे



मे २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेबरोबर 'काळी बुरशी' हा शब्द घरोघरी पोहोचला. भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात या रुग्णांसाठी वेगळा विभाग ठेवावा लागला. २० मे रोजी केंद्र सरकारने राज्यांना सांगितले की, प्रत्येक रुग्णाची नोंद सक्तीने व्हावी. त्याच वेळी लोकांत वाद सुरू झाला. कोणी कांद्याच्या सालीवरील काळ्या डागांना दोष दिला, कोणी फ्रिजच्या रबराला, तर कोणी मळक्या मास्कला.

यात खरे किती? कांद्यावरील काळी बुरशी ही बहुधा ॲस्परजिलस जातीची असते. तो रोग मात्र म्युकर गटातील निराळ्या बुरशींमुळे होतो. त्यांचे बीजाणू माती, शेणखत व कुजका पाला यांत असतात आणि हवेतही तरंगतात. आपण ते श्वासावाटे घेतो, पण निरोगी शरीर त्यांना रोखते. २०२१ मध्ये बहुतेक रुग्णांना मधुमेह होता किंवा त्यांना स्टिरॉइडची औषधे दिलेली होती. हा रोग माणसापासून माणसाला लागत नाही.

मग बुरशी निरुपद्रवी आहे काय? नाही. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा, खोकला व श्वासात घरघर यांचे प्रमाण अधिक आढळते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये नमूद केले आहे.

शेतकऱ्याला आणखी एक धोका आहे. भुसा किंवा गवत ओलसर असताना रचले, तर गंजी आतून तापते व तिच्यात जंतू आणि बुरशी वाढतात. ती उपसताना उडणारी धूळ छातीत गेली, की चार ते आठ तासांनी थंडी, ताप, कोरडा खोकला व धाप सुरू होते. पुष्कळांना हा साधा ताप वाटतो. या रोगाला 'शेतकऱ्याचे फुफ्फुस' म्हणतात. इंग्लंडमध्ये १९३२ साली त्याचे वर्णन प्रथम झाले. धूळ टाळली तर त्रास ओसरतो, पण तीच धूळ वर्षानुवर्षे घेतली तर फुफ्फुसावर कायमचे वण पडतात.

भोपाळला तर दुप्पट काळजी हवी. डिसेंबर १९८४ च्या वायुदुर्घटनेतून वाचलेल्या अनेकांची फुफ्फुसे दुबळी राहिली. अशा माणसाला बुरसलेला भुसा उपसायला लावू नये.

आपण पुढील गोष्टी कराव्यात:

१. भुसा व गवत पूर्ण वाळवूनच रचावे. खाली फळ्या घालाव्यात व छपराची गळती पावसाळ्यापूर्वी बंद करावी.

२. बुरसलेला चारा जनावरांना घालू नये. तो दारे उघडी ठेवून, वाऱ्याकडे पाठ करून काढावा. साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क बांधावा.

३. भिंतीवरील बुरशी कोरडी झाडू नये. साबणाच्या पाण्याने पुसावी. आधी ओलीचे कारण दूर करावे, मगच चुना द्यावा. नुसत्या रंगाखाली ती पुन्हा वाढते.

४. चारा उपसल्यावर त्याच दिवशी वारंवार ताप व धाप येत असेल, तर डॉक्टरांना आपले काम अवश्य सांगावे. ते कळले नाही तर निदान चुकू शकते.

५. मधुमेह ताब्यात ठेवावा. स्टिरॉइड स्वतःच्या मनाने घेऊ नये व अचानक बंदही करू नये.

कांद्याच्या सालीला घाबरण्याचे कारण नाही. आपल्या गोठ्यातील ओली गंजी मात्र आजच तपासावी.