परदेशातील कार्यप्रशिक्षण : उमेदवारी, संस्कृती आणि संरक्षण

जयपूर शहराच्या वायव्येकडील विद्याधर नगर ही वसाहत दोन कारणांनी अभ्यासकांच्या परिचयाची आहे. सवाई जयसिंह दुसरे यांनी 1727 मध्ये जयपूरची स्थापना केली. त्या नगराच्या रचनेचे श्रेय ज्या बंगाली पंडिताला दिले जाते, त्या विद्याधर भट्टाचार्य यांचे नाव या वसाहतीला देण्यात आले आहे. 1980 च्या दशकाच्या मध्यास या वसाहतीचा आराखडा तयार केला तो वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी. दोशी यांची व्यावसायिक घडण परदेशातील कार्यप्रशिक्षणातून झाली होती. विद्यार्थ्याने परदेशात काम करीत शिकणे आणि त्याच वेळी एक नवी संस्कृती समजून घेणे, या आज शिक्षणधोरणात आणि आंतरराष्ट्रीय करारांत स्थान मिळालेल्या विषयाचा विचार करताना हे उदाहरण म्हणूनच उपयुक्त ठरते.

एका उमेदवारीचे फलित

दोशी यांचा जन्म 1927 मध्ये पुण्यात, लाकडी सामान तयार करण्याचा व्यवसाय असलेल्या कुटुंबात झाला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत वास्तुकलेचे शिक्षण घेत असतानाच ते लंडनला गेले. 1951 मध्ये इंग्लंडमधील हॉडेस्डन येथे आधुनिक वास्तुविशारदांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. ल कार्बुझिए यांच्याकडे चंडीगढच्या उभारणीचे काम आल्याचे त्यांना तेथे समजले. त्यांनी पॅरिसच्या कार्यालयात काम मिळावे म्हणून अर्ज केला आणि तो मान्य झाला. मात्र पहिले आठ महिने वेतन मिळणार नव्हते. फ्रेंच भाषाही त्यांना अवगत नव्हती. रेखाटने आणि मोजकी सामाईक शब्दसंपदा हाच सुरुवातीचा संवाद होता. त्या कार्यालयात ग्रीसचे यानिस झेनाकिस, कोलंबियाचे रोजेलिओ साल्मोना अशा विविध देशांतील तरुणांचा सहवास त्यांना लाभला. 1954 पर्यंत तेथे काम केल्यानंतर अहमदाबाद येथील प्रकल्पांच्या देखरेखीसाठी ते भारतात परतले. पुढे 1962 मध्ये त्यांनी अहमदाबादला वास्तुकला विद्यालयाची पायाभरणी केली. 2018 मध्ये प्रित्झकर पारितोषिक मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. 2023 मध्ये त्यांचे निधन झाले.

विद्याधर नगराच्या आराखड्यात या प्रशिक्षणाचे स्वरूप स्पष्ट दिसते. चंडीगढची शिस्तबद्ध मांडणी त्यामागे आहे. परंतु तिची नक्कल करण्यात आलेली नाही. जुन्या जयपूरमधील चौक, बाजारपेठ, सावली देणारे अरुंद रस्ते आणि वाळवंटी हवामानाला साजेशी घरांची दाटी यांचाही विचार त्यात झाला. परदेशी कार्यालयातील शिस्त आणि स्वदेशातील नगरपरंपरा यांची एकमेकींशी पडताळणी करून हा आराखडा सिद्ध झाला. कार्यप्रशिक्षणाची खरी कसोटी हीच होय. प्रशिक्षणार्थी काय घेऊन परततो, यापेक्षा आणलेले ज्ञान तो आपल्या मातीत कसे तपासून घेतो, हे अधिक महत्त्वाचे असते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ही पडताळणीची वृत्ती जयपूरला नवी नाही. 1720 च्या दशकाच्या अखेरीस सवाई जयसिंहांनी एका जेझुइट पाद्र्याच्या नेतृत्वाखाली पोर्तुगालला एक मंडळ पाठविले. त्या मंडळाने युरोपातील खगोलशास्त्रीय सारण्या आणल्या. जयसिंहांच्या पंडितांनी त्या आपल्या निरीक्षणांशी ताडून पाहिल्या आणि त्यांतील तफावती नोंदविल्या. त्यांच्याच दरबारातील, महाराष्ट्रीय मानले जाणारे सम्राट जगन्नाथ यांनी अरबी भाषा आत्मसात करून युक्लिड व टॉलेमी यांचे ग्रंथ संस्कृतात आणले.

महाराष्ट्रात स्वदेशी चळवळीच्या काळात हा विचार उद्योगाशी जोडला गेला. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून आणि लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून 1908 मध्ये तळेगाव येथे काच कारखाना सुरू झाला. जपानमध्ये काचनिर्मितीचे शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे त्याची धुरा सोपविण्यात आली. लोकांच्या पैशापैशाच्या वर्गणीतून उभारलेल्या कारखान्यात परदेशात मिळविलेले कसब वापरले गेले आणि त्यातून स्थानिक कारागीर घडले.

दुसऱ्या महायुद्धानंतर या देवाणघेवाणीला संस्थात्मक रूप आले. तंत्रविद्यार्थ्यांना परदेशी उद्योगांत कामाचा अनुभव मिळावा यासाठी आयएईएसटीई ही संघटना 1948 मध्ये स्थापन झाली. युवकांचे आंतरराष्ट्रीय आदानप्रदान घडविणाऱ्या आयसेक या संघटनेची स्थापनाही त्याच वर्षीची. युद्धाने दुरावलेल्या राष्ट्रांतील तरुणांना एकत्र आणणे हा त्यामागील हेतू होता. अमेरिकेने 1961 च्या कायद्याने शैक्षणिक व सांस्कृतिक विनिमयाची चौकट घालून दिली. युरोपात 1987 मध्ये इरॅस्मस कार्यक्रम सुरू झाला. पुढे त्याची व्याप्ती वाढून अभ्यासाबरोबर कार्यप्रशिक्षणाचाही त्यात समावेश झाला.

संकल्पनेतील भेद

परीक्षार्थींनी येथे काही संज्ञांमधील भेद ध्यानात घ्यावा. आंतरवासिता म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून किंवा त्याला पूरक म्हणून ठरावीक काळ केलेले काम. शिकाऊ उमेदवारी म्हणजे एखादा व्यवसाय प्रत्यक्ष कामातून शिकण्यासाठी केलेला करारबद्ध काळ. भारतात तिचे नियमन 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने होते. तरुण व्यावसायिक योजनांत पदवीधर तरुणाला मर्यादित काळासाठी परदेशात राहून काम करण्याची मुभा असते. श्रम व भटकंती व्हिसामध्ये प्रवास हा मुख्य हेतू असून खर्च भागविण्यापुरते काम अभिप्रेत असते.

या भेदांना व्यवहारात मोठे महत्त्व आहे. कोणत्या व्हिसावर विद्यार्थी गेला, यावरून त्याचे कामाचे तास, मोबदला आणि तक्रारीचा मार्ग ठरतो. भारतीय कायद्यातील विद्यावेतनाची तरतूद परदेशातील मालकाला लागू होत नाही. तेथे यजमान देशाचा कायदा चालतो.

धोरण आणि करार

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने अनुभवाधारित शिक्षणावर आणि आंतरराष्ट्रीयीकरणावर भर दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या अभ्यासक्रम आराखड्यात पदवी स्तरावरील आंतरवासितेला 2 ते 4 श्रेयांक देण्यात आले. परदेशी संस्थांबरोबर संयुक्त अभ्यासक्रम चालविण्याचे नियमही 2022 मध्येच जारी झाले.

याच काळात भारताने अनेक देशांशी स्थलांतर व गतिशीलता करार केले. फ्रान्सबरोबरचा करार 2018 मध्ये झाला आणि 2021 मध्ये अमलात आला. जर्मनीबरोबरच्या करारावर डिसेंबर 2022 मध्ये स्वाक्षऱ्या झाल्या. ब्रिटनबरोबर 2021 मध्ये ठरलेली तरुण व्यावसायिक योजना 2023 मध्ये सुरू झाली. तीत 18 ते 30 वयोगटातील पदवीधरांना दोन वर्षांपर्यंत राहता येते आणि वार्षिक संख्या 3,000 ठरविण्यात आली. ऑस्ट्रेलियाने 2022 च्या आर्थिक सहकार्य करारानुसार भारतीय तरुणांसाठी वर्षाला 1,000 श्रम व भटकंती व्हिसांची तरतूद केली. जपानच्या तंत्र प्रशिक्षणार्थी कार्यक्रमात भारत 2017 मध्ये सहभागी झाला.

संरक्षणातील पोकळी

संधींचा विस्तार झाला तरी एक मूलभूत प्रश्न शिल्लक राहतो. कार्यप्रशिक्षणार्थी हा कायद्याच्या दृष्टीने पूर्ण विद्यार्थी नसतो आणि पूर्ण कामगारही नसतो. या मधल्या अवस्थेचा गैरफायदा घेतला जाऊ शकतो.

ऑगस्ट 2011 मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात अनेक देशांच्या विद्यार्थ्यांनी संप पुकारला. सांस्कृतिक विनिमयाच्या व्हिसावर त्यांना उन्हाळी कामासाठी आणण्यात आले होते. प्रत्यक्षात चॉकलेटच्या मालाची बांधणी करणाऱ्या गोदामात जड खोकी उचलण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. घरभाडे व इतर कपातींनंतर त्यांच्या हाती फारच थोडी रक्कम उरत होती. या विद्यार्थ्यांचा आक्षेप केवळ वेतनाविषयी नव्हता. ज्या देशाची ओळख व्हावी म्हणून ते आले होते, त्याची ओळख गोदामाच्या भिंतींपलीकडे होतच नव्हती. त्यानंतर 2012 मध्ये अमेरिकी प्रशासनाने या कार्यक्रमाचे नियम कडक केले.

जपानच्या कार्यक्रमाचे उदाहरणही उद्‌बोधक आहे. 1993 मध्ये सुरू झालेल्या या योजनेचा घोषित उद्देश विकसनशील देशांना कौशल्यांचे हस्तांतरण हा होता. परंतु प्रशिक्षणार्थीला सर्वसाधारणपणे मालक बदलता येत नसे. त्यामुळे वाईट वागणूक मिळाली तरी सहन करणे किंवा परत जाणे एवढेच पर्याय त्याच्यापुढे उरत. दीर्घकाळ झालेल्या टीकेनंतर 2024 मध्ये जपानच्या संसदेने या योजनेची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. काही अटींवर मालक बदलण्याची मुभा त्यात आहे आणि 2027 पासून तो अमलात आणण्याचे ठरले.

भारतीय कायद्याची स्थिती काय आहे? 1983 च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाने नोंदणी करणे बंधनकारक आहे. मुंबईप्रमाणेच जयपूर येथेही या कायद्याखालील उत्प्रवासी संरक्षकाचे कार्यालय आहे. मात्र उत्प्रवासन तपासणी प्रामुख्याने दहावी उत्तीर्ण नसलेल्या आणि ठरावीक देशांत कामासाठी जाणाऱ्या व्यक्तींसाठी आहे. प्रवासी भारतीय बीमा योजनेचे विमासंरक्षणही त्याच श्रेणीला बंधनकारक आहे. महाविद्यालयीन विद्यार्थी दहावी उत्तीर्ण असल्यामुळे स्वाभाविकपणे या तपासणीच्या बाहेर राहतो. शिक्षणामुळे त्याला स्वतःचे हित कळेल, असे गृहीत धरलेले असते. अनोळखी भाषेतील करारपत्र हाती पडल्यावर हे गृहीतक टिकत नाही.

तीन पक्षांचा करार

या पोकळीवरील एक उपाय फ्रान्सच्या कायद्यात आढळतो. तेथे विद्यार्थ्याच्या आंतरवासितेसाठी विद्यार्थी, शिक्षणसंस्था आणि यजमान आस्थापना या तिघांचा लेखी करार आवश्यक असतो. आस्थापनेत दोन महिन्यांपेक्षा अधिक काळ काम केल्यास मोबदला देणे बंधनकारक आहे. ज्या पॅरिसमध्ये 1951 साली एका भारतीय तरुणाने आठ महिने विनावेतन काम केले, तेथील ही आजची तरतूद आहे. विनावेतन उमेदवारी ज्याला परवडते त्यालाच शिकता येते. म्हणूनच विद्यावेतनाचा प्रश्न हा मुळात समान संधीचा प्रश्न आहे. गुणवान पण गरीब विद्यार्थ्याला परदेशी अनुभव मिळणार की नाही, हे त्यावर ठरते.

अमेरिकेतील विनिमय व्हिसावरील आंतरवासितेसाठीही लेखी प्रशिक्षण आराखडा लागतो. विद्यार्थ्याने काय शिकायचे, कोणाच्या देखरेखीखाली शिकायचे आणि मूल्यमापन कसे व्हायचे, हे त्यात नमूद असते. असा आराखडा असेल तर काम आणि शिक्षण यांतील सीमारेषा नंतर पुसता येत नाही.

संस्कृतीची ओळख

नव्या संस्कृतीचा परिचय म्हणजे सुट्टीच्या दिवशी प्रेक्षणीय स्थळे पाहणे, असा समज रूढ आहे. वस्तुतः कामाची जागा हीच संस्कृतीची पहिली शाळा असते. वेळेचे भान, वरिष्ठांशी बोलण्याची रीत, मतभेद मांडण्याची पद्धत, जेवणाची वेळ आणि सहकाऱ्यांशी राखायचे अंतर यांतून समाज उलगडत जातो. त्यासाठी भाषा हवी, आणि भाषेचे किमान शिक्षण प्रयाणापूर्वीच मिळायला हवे.

हा विनिमय एकाच दिशेने होत नाही. जयपूर–अजमेर मार्गावरील किशनगढजवळच्या तिलोनिया गावात 1972 मध्ये स्थापन झालेल्या बेअरफूट कॉलेजमध्ये आफ्रिकेसह अनेक देशांतील ग्रामीण महिला सौरदिव्यांचे तंत्र शिकल्या. 2008 पासून भारत सरकारच्या, 1964 मध्ये सुरू झालेल्या, तांत्रिक व आर्थिक सहकार्य कार्यक्रमाचे पाठबळ त्यांना मिळाले. अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते आणि सामाईक भाषाही नव्हती. रंगांच्या खुणा, हातवारे आणि प्रत्यक्ष जोडणी यांतून सहा महिन्यांचे प्रशिक्षण पूर्ण होई. परतल्यावर आपल्या गावात दिवे उभारणे आणि दुरुस्त करणे हे त्यांचे काम आधीच निश्चित असे. प्रशिक्षणाचा हेतू आणि परतीनंतरचा उपयोग आरंभीच स्पष्ट असेल, तर भाषेचा अडथळाही ओलांडता येतो.

पुढील दिशा

विद्यापीठांनी परदेशी कार्यप्रशिक्षणाला केवळ श्रेयांक देऊन थांबू नये. यजमान आस्थापनेशी लेखी त्रिपक्षीय करार, विद्यावेतन व विम्याची तरतूद, प्रयाणपूर्व भाषाशिक्षण आणि परतल्यानंतर अनुभवाचे सादरीकरण या बाबी त्या श्रेयांकांच्या अटी ठराव्यात. विद्यार्थ्यानेही एजंटाची नोंदणी तपासावी, पारपत्र कोणाच्याही ताब्यात देऊ नये आणि अडचणीच्या प्रसंगी भारतीय दूतावास तसेच परराष्ट्र मंत्रालयाच्या 2015 मध्ये सुरू झालेल्या ‘मदद’ या तक्रार व्यवस्थेचा आधार घ्यावा. ग्रामीण महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी ही माहिती मातृभाषेत उपलब्ध होणे विशेष गरजेचे आहे.

परदेशातून परतलेला प्रत्येक तरुण नगर उभारणार नाही. मात्र सुरक्षित आणि सन्मानाच्या अटींवर शिकून आलेला तंत्रज्ञ, परिचारिका किंवा शेतीतज्ज्ञ आपल्या कार्यक्षेत्रात एखादी अधिक चांगली रीत रुजवू शकतो. त्याला ती संधी त्याच्या कुटुंबाच्या ऐपतीमुळे मिळते की धोरणाच्या बळावर, यावरच या करारांचे यश मोजले जाईल.